कोल्बीच्या यीस्टची बरणी

बरणी लॉर्नानं मार्चमध्येच धुऊन टाकली होती. हे फक्त तिला एकटीला ठाऊक होतं, आणि ऑक्टोबर उजाडला तरी तिनं ते कोणाला सांगितलेलं नव्हतं.

झालं ते असं. फेब्रुवारीत कोल्बी गेला. तेहतीस वर्षांचा एकुलता एक मुलगा. कामावरून घरी येताना बर्फावरून गाडी घसरली आणि सगळं संपलं. मग गावानं गावाला जे जमतं ते केलं, म्हणजे जेवण आणून दिलं. ओहायोच्या त्या भागात कोणाच्या घरचं माणूस गेलं की काय बोलावं हे लोकांना सुचत नाही, पण बटाटे आणि चीज घालून भाजलेलं काहीतरी मात्र हमखास सुचतं. पंधरा दिवस दारात भांडी येत राहिली. प्रत्येक भांड्याच्या बुडाला कागदी चिकटपट्टी आणि पट्टीवर नाव, म्हणजे रिकामं झाल्यावर परत कोणाला द्यायचं ते कळावं. दुःख तुमचं, भांडं आमचं, असा रोखठोक हिशेब.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी लॉर्नानं फ्रिज उघडला, पट्टी लावलेलं जे जे दिसलं ते बाहेर काढलं, उरलंसुरलं सिंकमध्ये ओतलं आणि गरम पाण्यानं सगळं घासून ओट्यावर पालथं घातलं. एकवीस भांडी निघाली. बाविसावी होती ती काचेची बरणी. पट्टी तिच्यावरही होती, पण तिच्यावर कुठल्या शेजारणीचं नाव नव्हतं. कोल्बीच्या तिरक्या अक्षरात ‘भोपळा, सप्टेंबर’ एवढंच लिहिलेलं होतं.

कोल्बी गॅरेजमध्ये बिअर करायचा. बिअर करून झाली की बादलीच्या तळाशी दाट पांढरट साका उरतो, तेच यीस्ट. ते तो बरणीत भरून ठेवायचा आणि पुढच्या खेपेला विरजणासारखं वापरायचा. सात वर्षं एकच विरजण चालत आलेलं होतं. ते आता सिंकच्या नळीतून कुठल्या कुठे गेलं होतं.

तेव्हा तिला काय वाटलं? काहीच नाही. खोटं कशाला सांगा. तिनं पट्टी पुसून कोरडी केली. पावासाठी आणलेलं यीस्ट चमचाभर घेतलं, साखर घातली, कोमट पाणी घातलं आणि रंग यावा म्हणून नवऱ्याच्या कॅनमधली घोटभर बिअर ओतली. मिश्रण फसफसलं, संध्याकाळपर्यंत खाली बसलं. तिनं बरणी जागच्या जागी ठेवून दिली. रविवारी सांगू, असं तिनं ठरवलं.

आणि त्याच आठवड्यात तिचा नवरा ऑरिन सकाळी उठून फ्रिजपुढे उभा राहायला लागला. आधी तिला वाटलं, दूध शोधतोय. एकदा ती चपला न घालता स्वयंपाकघरात आली, तर हा दार उघडं टाकून बरणीशी बोलत होता. “आज पाऊस आहे रे. छपराची पन्हळ साफ करायची राहिलीच.” तिनं पाय न वाजवता परत जाऊन पलंगावर बसणं पसंत केलं. त्यानंतर सांगायचं कसं?

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी नाश्ता करताना ऑरिन म्हणाला, “शनिवारी बिअर करतोय.”

“कोण?”

“मी. कोण म्हणजे काय? भोपळ्याची. त्याची ती.”

लॉर्ना पावाला लोणी लावत होती. हा माणूस चाळीस वर्षं कारखान्यात लेथ चालवून निवृत्त झालेला. जन्मभर दुकानातली स्वस्तातली कॅनची बिअर प्यायला आणि मुलाच्या बिअरला तोंडावर ‘भाजीचं पाणी’ म्हणायचा. दर वर्षी पहिला ग्लास मात्र हाच रिकामा करायचा, पण ते कबूल करणार नाही.

“तुला येते करायला?”

“वही आहे त्याची. आणि थॅडला बोलावलंय. थॅड म्हणतो, ते यीस्ट वर्षभर उपाशी आहे. आता जागं केलं नाही तर मरून जाईल.” तो ‘मरून’ म्हणाला आणि मग मीठदाणी उगाच इकडची तिकडे केली. “तेवढं एकच जिवंत उरलंय त्याचं.”

“बरं,” लॉर्ना म्हणाली.

फेब्रुवारीपासून तिच्याकडे सगळ्याला हेच उत्तर होतं. पाद्री आले तरी बरं, छप्पर गळलं तरी बरं. त्या घरात दोघं असे राहत होते की एकाच प्रतीक्षालयात बसलेली दोन अनोळखी माणसं त्यांच्यापेक्षा जास्त बोलली असती.

शनिवारी ऑरिन पाचलाच उठला. दोन लाल भोपळे तिनंच आदल्या दिवशी चिरून ओव्हनमध्ये भाजून दिले होते, सालासकट, कडा काळ्या होईपर्यंत. तेवढं तिच्याकडे मागितलं आणि तिनं केलं. बाकी कारभार गॅरेजमध्ये. थॅड साडेनऊला येणार होता, पण ऑरिनला कुठला धीर. त्यानं जव दळायला घेतले. कोल्बीची हातचक्की होती, दोन रूळांची. रूळांमधली फट ऑरिननं मापाची पत्ती घालून मोजली आणि तोंड वाकडं केलं. एवढी मोठी फट! हा पोरगा मोजमाप कधी शिकलाच नाही. त्यानं स्क्रू आवळून फट निम्म्याहून कमी केली आणि सगळे जव असे बारीक दळले की कारखान्याच्या टूलरूममध्ये शाबासकी मिळाली असती. ते पीठ आणि भोपळ्याचा गर त्यानं गरम पाण्यात कालवून नळ लावलेल्या मोठ्या कूलरमध्ये, म्हणजे सहलीला पाणी गार ठेवायच्या झाकणाच्या डब्यात भरला आणि झाकण लावून तासभर राखण करत बसला.

तासानं नळ उघडला. दोन थेंब आले. तिसरा अर्ध्यात लोंबकळून राहिला.

थॅड आला तेव्हा ऑरिन नळाला रबरी नळी लावून तोंडानं फुंकत होता. थॅड कोल्बीचा शाळेपासूनचा मित्र, गोलमटोल, जाड चष्म्याचा, गावच्या हार्डवेअरच्या दुकानात कामाला. त्यानं वाकून कूलरमध्ये पाहिलं आणि नेमकं त्याच क्षणी ऑरिनची फुंक आरपार गेली. भोपळ्याचा एक गरम गोळा उडून थॅडच्या चष्म्यावर बसला.

“काका, हे काय केलंत?” थॅड चष्मा पुसत म्हणाला. “जव दळलेत की पावडर फासायला घेतलीय?”

“बारीक दळले. बारीक म्हणजे चांगले.”

“अहो, कोंडा अख्खा राहायला लागतो! त्या कोंड्यातूनच तर रस गाळून येतो. नुसतं पीठ आणि वर भोपळा, म्हणजे खळ झाली खळ. ह्यानं भिंतीला कागद चिकटवा. आणि भाताचं तूस घातलंत ना?”

“वहीत नाही लिहिलेलं.”

“वहीत कसं असेल! चव येते तेवढंच लिहायचा तो. भोपळ्याच्या बिअरला तूस घालायचंच असतं. ते मध्ये मध्ये राहतं आणि रसाला वाट मिळते. मूठभर नाही, चांगलं पाच-सहा वाडगे.”

“तुझ्याकडे आहे?”

“गेल्या महिन्यात संपलं. आणि ते दुकान कोलंबसला, अडीच-तीन तासांवर, शनिवारी बाराला बंद.” थॅडनं घड्याळ पाहिलं. “पोचणार नाही.”

लॉर्ना घरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दारात उभी होती. हे सगळं तिनं ऐकलं, आणि आत कुठेतरी तिला जरा हलकं वाटलं. कित्येक महिन्यांनी काही वाटलं, तर ते हे. रस आलाच नाही तर उकळणार काय? उकळलं नाही तर बरणी उघडायचं कारणच नाही. ऑरिनचा दिवस वाया जाईल, चार शिव्या हासडेल, आणि बरणी फ्रिजमध्ये जाऊन बसेल, आणखी वर्षभर. दिवसावर दिवस जात राहतील.

दोघांनी बरेच उपाय केले. उलथन्यानं ढवळून झालं. सायकलचा पंप लावून झाला. थॅडनं कूलर मिठीत घेऊन हलवून पाहिला. नळातून मध्येच एक धार यायची, ऑरिन “आली आली!” म्हणून ओरडायचा आणि धार बंद व्हायची. अकरा वाजून गेले. लॉर्नानं सँडविचं करून आणली, ती कोणी खाल्ली नाहीत.

मग थॅड फोन करायला बाहेर गेला आणि ऑरिन एका पालथ्या बादलीवर बसला. त्याच्या कोपरापर्यंत भोपळा होता. कूलरकडे बघत तो म्हणाला, “एवढंसुद्धा जमलं नाही मला.”

तिच्याशी बोलला नव्हता. कोणाशीच नाही. फ्रिजपुढे बोलायचा तसंच.

लॉर्ना उभी राहिली. तूस कुठे आहे हे तिला पक्कं माहीत होतं. तळघरात, तिच्या टोमॅटोच्या बरण्यांच्या फळीमागे, अर्धं पोतं. दर ऑक्टोबरमध्ये कोल्बी ते तिच्या सिंकमध्ये धुवायचा, मग तिची नळी तुंबायची, मग ती ओरडायची आणि तो तिच्या गालाला ओला हात लावून पळायचा. गप्प राहिली असती तर कोणाला कळलं असतं? कोणालाही नाही. आतापर्यंत गप्प राहण्यात ती चांगली तरबेज झाली होती.

पण नवरा तसा बसलेला तिला बघवेना. एवढंच. त्यात काही थोर विचार नव्हता. ती तळघरात उतरली, पोतं ओढत वर आणलं, सहा वाडगे तूस चाळणीत धुतलं आणि गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं.

“हे घ्या.”

ऑरिननं आधी तुसाकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं. “तुझ्याकडे होतं?”

“फळीमागे होतं. तो ठेवायचा.”

“काकू, तुम्ही देवमाणूस!” आत येता येता थॅड म्हणाला. ते ऐकून तिला स्वतःची शिसारी आली.

त्यांनी तो सगळा रबरबीत लगदा पातेल्यापातेल्यानं बाहेर काढला, त्यात तूस कालवलं, उकळत्या पाण्यानं सैल केला आणि पुन्हा कूलरमध्ये भरला. लॉर्नाच म्हणाली, “नळ एकदम उघडू नका. तो करंगळीएवढी धार ठेवायचा.” पंधरा मिनिटं थांबून ऑरिननं नळ किंचित फिरवला. आधी गढूळ आलं, ते पुन्हा वरून ओतलं. मग करंगळीएवढी धार लागली, तांबूस, स्वच्छ, आणि चालूच राहिली. ऑरिन उकिडवा बसून ती धार बघत राहिला.

तो गोड काढा हॉप्सची कडू फुलं घालून तासभर उकळला. शेवटी दालचिनी, जायफळ, सुंठ पडली आणि कोल्बीच्या ऑक्टोबरचा वास सगळ्या गॅरेजभर झाला. लॉर्ना त्या वासात कोरडी उभी होती. काढा थंड करून पांढऱ्या बादलीत ओतेपर्यंत साडेतीन वाजले. थॅडनं हात जंतुनाशकात बुडवले, ऑरिनचे बुडवायला लावले. हे बिअर करणारे लोक एकवेळ आंघोळ चुकवतील पण हात बुडवायचे चुकवणार नाहीत.

“आणा काका बरणी.”

ऑरिननं बरणी दोन्ही हातांत धरून आणली. थॅडनं झाकण फिरवून नाक जवळ नेलं आणि क्षणभर तसाच राहिला. मग त्यानं सरळ लॉर्नाकडे पाहिलं. इतक्या वर्षांचं नाक त्याचं. पावाचा वास ओळखणार नाही तर काय?

“ठीक आहे?” ऑरिननं विचारलं.

“ठीक आहे,” थॅड म्हणाला आणि मान खाली घातली.

“बघू.” ऑरिननं बरणी नाकाशी नेली, डोळे मिटले आणि छाती भरून वास घेतला. “हाच,” तो म्हणाला. “हाच वास यायचा त्याच्या कपड्यांना.”

“ऑरिन, ओतू नकोस.”

तो थांबला.

“ते कोल्बीचं नाही. माझं आहे. पावाचं.”

“काय बोलतेस?”

“मार्चमध्ये लोकांची भांडी परत द्यायची होती. पट्टी दिसेल ते धूत गेले. त्यात ती बरणी पण धुतली. मग पावाचं यीस्ट घातलं. साखर घातली. तुझी बिअर घातली थोडी, रंगाला.”

“धुतलीस.”

“हो.”

“चुकून.”

“धुतली ती चुकून. भरली ती नाही.”

ऑरिननं बरणी टेबलावर ठेवली, अगदी हळू. “मी रोज बोलायचो त्याच्याशी,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“माहीत होतं तुला?”

“ऐकलं होतं एकदा.”

“आणि तू मला बोलू दिलंस. सात महिने. पावाच्या यीस्टशी.”

थॅड खाकरला. बिचाऱ्याला पळून जायचं असावं, पण दाराच्या वाटेत नेमका ऑरिन उभा होता.

“काका,” तो म्हणाला, “कोल्बीचं यीस्ट माझ्या घरी आहे.”

दोघांनी वळून पाहिलं.

“म्हणजे माझ्या एकट्याकडे नाही. आमच्या बिअर करणाऱ्यांच्या क्लबात नऊ जणांकडे आहे. बिअर झाली की साका केवढा तरी उरतो, एका बरणीत मावत नाही. मग आम्ही वाटून टाकतो, पहिल्यापासूनच. माझ्याकडे मी उन्हाळ्यात दोनदा त्याच्यावर बिअर केली. अगदी ताजं आहे.”

“मग फोनवर का नाही बोललास, गाढवा?”

“तुम्ही म्हणालात, फ्रिजमधली बरणी. मला वाटलं, तुम्हाला ह्याच बरणीतलं हवंय. त्यानं हातानं भरलेलं.” थॅडनं चष्मा काढून पुसला. “आणि तुम्हाला फोन करायला हात धजत नव्हता काका. फेब्रुवारीपासून कितीदा नंबर लावला आणि बंद केला. सगळ्यांचं तेच. तुमच्याशी बोलणार काय?”

ऑरिननं बरणीचं झाकण परत लावलं.

“आणू?” थॅडनं विचारलं. “जायला वीस मिनिटं, यायला वीस. बादलीवर झाकण ठेवा. आत माशी जाऊ देऊ नका.”

“जा,” ऑरिन म्हणाला.

गाडी गेली. लॉर्ना पायरीवर बसली. नऊ घरांच्या फ्रिजमध्ये नऊ बरण्या होत्या, आणि इथे ती एका खोट्या बरणीवर मार्चपासून पहारा देत बसली होती. आता सुटल्यासारखं वाटेल म्हणून तिनं वाट पाहिली. सुटल्यासारखं वाटलं नाही. उलट काहीतरी दुखायला लागलं, नीट कुठे ते तिला कळेना, पण चांगलंच दुखत होतं.

ऑरिन बादलीवर झाकण दाबून तिच्याकडे पाठ करून उभा होता.

“चिडलास माझ्यावर?” तिनं विचारलं.

“हो.” त्यानं वळून पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. “चिडलोय. अस्सा राग आलाय ना लॉर्ना, की ही बादली उचलून रस्त्यावर भिरकावावी. मला सांगायला काय झालं होतं? मी मेलो असतो? मी पण इथेच राहतो ना?”

फेब्रुवारीपासून त्या घरात कोणी कोणावर आवाज चढवला नव्हता. आज तो इतका मोठ्यानं बोलला की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. लॉर्नाला हुंदका आला, मग दुसरा आला, आणि मग तिला थांबता येईना. अंत्यविधीला तिनं कोरड्या डोळ्यांनी अडीचशे माणसांचे हात हातात घेतले होते. ते सगळं आता गॅरेजच्या पायरीवर निघालं.

“मी गप्प बस म्हणणार नाही,” ऑरिन म्हणाला. “मी चिडलोय.”

“नको म्हणूस,” ती रडत रडत म्हणाली. “बोल आणखी.”

तो आणखी बोलला. बरणीबद्दल बोलला, मार्चबद्दल बोलला, तिनं एकदा फ्रिजचं दार बंद ठेवायला सांगितलं होतं त्याबद्दल बोलला. मग कोल्बीच्या गाडीच्या टायरांबद्दल बोलायला लागला, ते जानेवारीत बदलायला मुलाला सांगायचं ऑरिनच्या मनात होतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं. हे तिनं आज पहिल्यांदा ऐकलं. ते बोलता बोलता त्याचा आवाज फुटला आणि तो झाकणावरचा हात न काढता लहान मुलासारखा रडायला लागला.

लॉर्ना उठली, त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनं आपलाही हात झाकणावर ठेवला.

“तू जरा बस,” ती म्हणाली. “मी धरते.”